बेसवर कोण आहे?

मुंबईतल्या जॅझची गोष्ट सांगायची एक ठरलेली रीत आहे. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला. त्यांचे ऐकून गोव्याची मुले तयार झाली. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी, पारशांतला रुडी कॉटन अशी नावे गाजली. चर्चगेट स्ट्रीटवरच्या रेस्टॉरंटांतून ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन रात्र रात्र वाजत राहिले. मग दारूबंदीने हॉटेलांचे कंबरडे मोडले, नंतर रॉक आला, नंतर डिस्को आला, आणि जॅझ संपला. जन्म, बहर आणि मरण. ही गोष्ट गोड आहे, तिच्यात हळहळायला भरपूर जागा आहे, पण ती मला खोटी वाटते. ती खोटी आहे कारण ती सांगणाऱ्यांनी फक्त पुढच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांचे ऐकले. त्याच बँडमध्ये मागे, ड्रम्सच्या शेजारी, स्वतःच्या उंचीचे वाद्य छातीशी धरून जो उभा होता, त्याच्या जागेवरून पाहिले तर मुंबईतला जॅझ संपलेला दिसत नाही. तो खाली गेलेला दिसतो. गाण्याच्या तळाशी जाऊन तो पुढची तीस-चाळीस वर्षे राहिला, आणि तो आपल्याला दिसला नाही याचे कारण तळाकडे लक्ष द्यायची आपल्याला सवय नाही. बेस वाजवणाऱ्याचे नाव विचारायचीही नाही.

आधी हे वाद्य काय आहे ते पाहू. डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातला सगळ्यांत थोरला. त्याला चार तारा असतात. सगळ्यांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, सगळ्यांत बारीक तार ९८. हे आकडे कोरडे वाटत असतील तर डोंबिवलीशेजारच्या ठाकुर्लीच्या कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळ रात्री दहानंतर उभे राहावे. त्याची जी अखंड गुणगुण चाललेली असते ती १०० हर्ट्झची, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि ट्रान्सफॉर्मर तिच्या दुपटीने गुणगुणतो. डबल बेसची सर्वांत उंच मोकळी तार त्याच्याही किंचित खाली आहे. म्हणजे या वाद्याचा वरचा काठ जिथे सुरू होतो तिथे आपले रोजचे ऐकणे जवळपास संपलेले असते. जॅझमध्ये ते गजाने फारसे वाजत नाही, बोटांनी छेडले जाते. चार मात्रांच्या आवर्तनात दर मात्रेला एक सूर, आणि प्रत्येक सूर आधीच्या कॉर्डमधून, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यातून, पुढच्या कॉर्डकडे नेणारा. जॅझवाले याला बेस चालतो असे म्हणतात. ते शब्दशः खरे आहे. सगळा बँड त्या चालीवर पाऊल टाकतो. ड्रमर त्याच्याकडून वजन घेतो, पियानोवाला त्याच्याकडून स्वरांचा पाया घेतो, आणि एकट्याने भरारी मारणारा सॅक्सोफोन परत उतरायचे कुठे ते त्याच्यावरून ओळखतो.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे हे काम तंबोरा करतोच की. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण मराठी श्रोत्याचा कान तंबोऱ्यावर घडलेला आहे. मिरजेच्या कारागिरांनी पंढरपूरकडच्या भोपळ्यातून केलेला चांगला तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार आपोआप उमटतो. तळाच्या स्वरात वरचे स्वर दडलेले असतात हे आपल्याला शाळेत जाऊन शिकावे लागत नाही. पण तंबोरा आणि बेस यांत एक मूलभूत फरक आहे. तंबोरा हलत नाही. षड्ज एकदा ठरला की मैफल संपेपर्यंत तोच. बेस हलतो, आणि तो हलला की वरच्या स्वराचा अर्थ बदलतो. समजा गायिकेने पंचम लावून धरला आहे. खाली बेसने षड्ज दिला तर तो पंचम आपल्या ओळखीचा, स्वस्थ, घरचा पंचम. बेस कोमल गंधारावर गेला तर तोच पंचम त्याचा गंधार होऊन बसतो आणि एकदम उजळतो. बेस मध्यमावर आला की पंचम अवघडतो, त्याला कुठेतरी जावेसे वाटते. बेस खुद्द पंचमावर आला की तो पंचम षड्जाच्या थाटात स्थिरावतो. गायिकेने या सगळ्या वेळात काहीही केलेले नाही. तिचा श्वास तोच, सूर तोच. अर्थ चार वेळा बदलला आणि चारही वेळा तो बदलणारा माणूस मागे उभा होता. याला नुसती साथ म्हणायचे असेल तर साथ या शब्दाचा अर्थ आपल्याला पुन्हा लावावा लागेल.

मुंबईतल्या बेसवाल्याच्या कामाची खरी अवघड बाजू इथेच आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी लिहिले गेले आहे. अमेरिकेतल्या त्याच्या समव्यवसायीसमोर कॉर्डवर रचलेली गाणी असत. चालही कॉर्डमधून आलेली, बेसही कॉर्डमधून आलेला, दोघांची नाळ एक. मुंबईतल्या माणसासमोर आलेली चाल एखाद्या रागातून, भजनातून, लावणीतून, पंजाबी टप्प्यातून निघालेली असे. तिला मुळात कॉर्ड नव्हतेच. त्याने षड्ज-पंचम धरून बसावे तर गाणे जागच्या जागी राहते. सढळ हाताने हलावे तर राग मोडतो. शिवाय त्याच तळाच्या पट्ट्यात तबल्याच्या बायाचा घुमारा आधीच बसलेला. तिथे दोघांनी एकाच वेळी बोलून चालत नाही. तेव्हा कुठे सरकायचे, कुठे थांबायचे, कुठली मात्रा डग्ग्याला सोडून द्यायची, हे त्याला ठरवावे लागे. जॅझ १९५९ साली याच प्रश्नाकडे उलट बाजूने आला. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या रेकॉर्डमधल्या ‘सो व्हॉट’मध्ये कॉर्डची धावपळ काढून टाकलेली आहे. सोळा मात्रागटांपर्यंत एकच स्वरसप्तक, आणि ते आपल्या काफी थाटाचे. आणि त्या रचनेचा मुख्य विषय पॉल चेंबर्सचा बेस मांडतो, ट्रम्पेट त्याला नुसता होकार देतो. एका थाटावर ठाण मांडून बेसने बोलायचे ही गोष्ट न्यूयॉर्कमध्ये त्या वर्षी नवी ठरली. ताडदेव आणि वांद्र्याच्या स्टुडिओंत तिच्या जवळपासची कोडी लोक रोजच्या मजुरीवर सोडवत होते.

ही माणसे तिथे कशी पोचली? एका कुणाचे चरित्र देण्यापेक्षा त्या पिढीच्या आयुष्याचा सामाईक आराखडा जास्त सांगून जातो. पोर्तुगीज गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवले जाई. हेतू प्रार्थनेचा होता, पण त्यामुळे खेड्यातला कुणबी-रेंदेराचा मुलगाही कागदावरचे संगीत वाचू लागला. मुंबईत असे वाचणारे फार नव्हते. मग आगबोट किंवा रेल्वे, धोबीतलावला गावकऱ्यांचा कूड, तिथल्या एका पेटीपुरत्या जागेत मुक्काम, आणि कुठल्या तरी बँडमध्ये रिकामी झालेली जागा. बेस हे बहुधा पहिले वाद्य नसतेच. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये अवघ्या दोनेक वर्षांत या वाद्याचे सगळे व्याकरण बदलून तेविसाव्या वर्षी गेलेला जिमी ब्लँटन व्हायोलिनवरून आला होता. चार्ल्स मिंगस आणि रॉन कार्टर चेलोवरून आले. आपल्या धंद्यातही जो व्हायोलिन वाजवतो त्याच्या हाती बेस जाणे सोपे. रात्री हॉटेल, लग्नाच्या मोसमात रिसेप्शन, रविवारी सकाळी चर्च, आणि मोठ्या जंक्शनांच्या रेल्वे वसाहतींत इन्स्टिट्यूटच्या लाकडी फरशीवर होणारे नाच. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. पेल्याबरोबर नाचही आटला आणि हॉटेलच्या मालकाने बँडमधली माणसे कमी केली. त्याच सुमारास चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद मात्र वाढत होता.

इथे एका मराठी माणसाचे नाव घ्यायला हवे. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ, त्यांच्याबरोबर काम करत होता, आणि १९५१च्या ‘अलबेला’त तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. भगवानदादांच्या त्या सिनेमाने दादर-परळच्या चाळीतल्या माणसाला स्विंग दिले आणि त्याला ते परके वाटले नाही. जॅझ हा मूठभर साहेबांचा, ताज आणि चर्चगेटचा शौक होता, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर ‘अलबेला’ आहे. कल्याण-डोंबिवलीच्या गणपतीत ज्या गाण्यांवर तीन पिढ्या नाचल्या, त्यांच्या तळाशी चालणारा बेस हॉटेलातल्या नाचाच्या फरशीवरून आलेला आहे. त्यावर पाऊल टाकताना कुणी पासपोर्ट मागितला नाही.

आता दुसरा आक्षेप, आणि तो जॅझच्या जाणकारांचा आहे. सिनेमात वाजले ते जॅझ नव्हे, कारण तिथे उत्स्फूर्तता नव्हती. अरेंजरने लिहिलेला कागद वाचायचा, टेक झाला की पैसे घेऊन जायचे. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या अरेंजरांनी व्हायोलिनचे ताफे सुरासुरापर्यंत लिहिले हे खरे आहे. व्हायोलिनवाल्याला तिथे मुभा नव्हतीच, आणि हा आक्षेप त्याच्यापुरता मी मान्य करतो. पण रिदम सेक्शनची गोष्ट वेगळी. बेस आणि गिटारवाल्यासमोर पुष्कळदा फक्त कॉर्डची नावे असत, आणि त्या नावांमधली वाट त्यांनी स्वतः काढायची असे. राहुलदेव बर्मन यांच्याकडे तर रिदमची मंडळी सिटिंगला बसून आपापले भाग तिथेच बसवत. टोनी वाझ यांच्यासारखा बेस गिटारवादक त्या चमूतला. कॉर्डची नावे दिली आणि त्यांतून मात्रेगणिक एक सूर निवडायला सांगितला, याहून वेगळे जॅझमधला बेसवाला काय करतो? त्याची उत्स्फूर्तता एकट्याने झेप घेण्याची नसते, दुसऱ्याचे ऐकत पुढचे पाऊल ठरवण्याची असते. सॅक्सोफोनवाल्याची झेप सिनेमाने कापली, कारण साडेतीन मिनिटांत तिला जागा नव्हती. बेसवाल्याचे चालणे कापता येत नव्हते. म्हणून मी म्हणतो की जॅझचा जो भाग मुंबईत टिकला तो तळाचा भाग होता. ट्रम्पेटच्या हिशेबाने जॅझ मेला, बेसच्या हिशेबाने त्याला नोकरी लागली.

मग हे आपल्याला ऐकू का आले नाही? याचे एक कारण अगदी भौतिक आहे. मर्फीचा घरगुती रेडिओ, नंतरचा खिशातला ट्रान्झिस्टर, पानाच्या गादीवरचा टेपरेकॉर्डर, यांच्या छोट्या कर्ण्यांना साधारण दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खालचे सूर नीट बाहेर टाकताच येत नव्हते. म्हणजे डबल बेसच्या मोकळ्या तारांचा मूळ सूर आपल्या घरात कधी आलाच नाही. तरीही बेस आहे हे आपल्याला जाणवत होते, आणि हा कानाचा विलक्षण गुण आहे. ४१ हर्ट्झच्या सुराबरोबर ८२, १२३, १६४, २०५ असे त्याच्या पटीतले सूरही निघतात. वरचे काही पोचले की मेंदू त्यांच्यातले अंतर मोजतो आणि न आलेला पाया स्वतः भरून काढतो. वर ज्या तंबोऱ्याच्या गंधाराचा उल्लेख केला त्याची ही उलटी बाजू. तिथे तळातून वरचा सूर उमटतो, इथे वरच्या सुरांवरून तळ उभा राहतो. दोन पिढ्यांच्या मराठी श्रोत्यांनी बेस ऐकला तो असा, स्वतःच्याच डोक्यात तयार करून. स्टुडिओत घाम गाळून वाजवलेला सूर वाटेत गळून पडला आणि ऐकणाऱ्याने नकळत तो पुन्हा रचला. वाजवणारा माणूस मात्र कुणी पुन्हा रचला नाही.

ठाकुर्लीत राहणाऱ्याला ही गोष्ट फार समजावून सांगायला लागू नये. कल्याण आणि डोंबिवली या दोन मोठ्या नावांमधले हे लहान स्टेशन. जलद लोकल इथून धडधडत निघून जातात. पण रेल्वेचे चोळा पॉवरहाऊस याच मातीवर उभे होते, आणि ज्या काळात मुंबईची उपनगरी रेल्वे वाढली त्या काळात रेल्वेला लागणारी वीज इथे कोळसा जाळून तयार होत होती. गाडीच्या पाटीवर व्हीटी असे, कल्याण असे, कर्जत-कसारा असे. वीज कुठून येते हे पाटीवर लिहायची पद्धत नव्हती, आणि पॉवरहाऊस बंद पडल्यावर तर चोळे गावाबाहेरच्या नव्या इमारतींत राहणाऱ्यांनाही त्याचे नाव सांगावे लागते. पाटीवर नाव नसणे आणि काम नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच मला यातून घ्यायचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. साथीदार निनावी असणे हीच आपली परंपरा आहे, त्यात विशेष काय? हे साफ चूक आहे. कल्याण गायन समाजासारख्या जुन्या संस्थेच्या कार्यक्रमाची कुठलीही निमंत्रणपत्रिका घ्यावी. गायकाच्या नावाखाली तबला कुणाचा, संवादिनी कुणाची हे छापलेले असते, आणि पुष्कळदा तानपुऱ्यावर बसणाऱ्या शिष्यांचीही नावे असतात. बडा ख्याल संपताना गायक मान वळवून तबलजीला दाद देतो ती सगळ्या सभागृहाला दिसते. नाव न घेण्याची रीत मैफलीची नाही. ती तबकडीच्या लेबलाची आहे. ७८ गतीच्या रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर जागा थोडी होती. त्यावर कंपनी, चित्रपट, गायक, संगीतकार, गीतकार एवढे मावले आणि पुढे तेवढ्यालाच गाणे म्हणायचे ठरले. नंतर एलपीचे फूटभर रुंद कव्हर आले, कॅसेटचा घडीचा कागद आला, आता तर मोबाइलच्या पडद्यावर जागेला अंतच नाही. जागा वाढत गेली पण यादी तीच राहिली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजात भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांचा भलामोठा वाद्यवृंद उभा केला, प्यारेलाल आणि राहुलदेव यांना शिकवले. देशभर त्यांचे नाव ठाऊक आहे ते १९७७च्या एका सिनेमातल्या विनोदी गाण्यामुळे. ते गाणे शिष्याने, प्यारेलाल यांनी, प्रेमाने केलेला नमस्कार होता, आणि तो नमस्कार आहे हे कळायला देशाला बरीच वर्षे लागली.

नावाचा प्रश्न भावनेचा आहे असे वाटत असेल तर कायदा उघडून पाहावा. कॉपीराइट कायद्यात कलावंताची व्याख्या करताना गायक, नट यांच्याबरोबर वादकाचाही स्पष्ट उल्लेख आहे. २०१२च्या दुरुस्तीने कलावंताला व्यापारी वापरातून मानधनाचा वाटा मिळण्याचा हक्क दिला, ही मोठी गोष्ट झाली. पण त्याच दुरुस्तीने व्याख्येला एक परंतुक जोडले. चित्रपटात ज्याचे सादरीकरण किरकोळ किंवा प्रासंगिक स्वरूपाचे आहे, आणि धंद्याच्या नेहमीच्या प्रथेप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कुठेही दिले जात नाही, त्याला हानी पोचवणाऱ्या विकृतीविरुद्धचे संरक्षण सोडून बाकी बाबतींत कलावंत धरायचे नाही. गर्दीच्या दृश्यातून चालत जाणाऱ्या माणसासाठी ही तरतूद समजू शकते. पण शब्द पाहा. नाव न देण्याची प्रथा हाच हक्क नाकारण्याचा एक आधार झाला. ज्याला तीस वर्षे कुणी श्रेय दिले नाही त्याला आता सांगता येईल की तुला श्रेय देत नाहीत, सबब तू कलावंत नाहीस. बेसवाल्याचे काम किरकोळ नाही हे पंचमाच्या उदाहरणाने मी वर दाखवायचा प्रयत्न केला तो नुसत्या संगीताच्या हौसेपोटी नव्हता. कागदावर त्याचे नाव येणे आणि त्याच्या घरी पैसे येणे यांचा असा थेट संबंध आहे.

आता यंत्राकडे येतो. बेसच्या गोष्टीतले सगळ्यांत विलक्षण प्रकरण तेच आहे. १९५१ साली लिओ फेंडरने विजेचा बेस गिटार विक्रीला आणला, काही वर्षांत तो मुंबईतही आला, आणि डबल बेस टॅक्सीच्या टपावर बांधून नेण्याचे कष्ट वाचले. मुंबईत १९४० साली जन्मलेले चरणजित सिंग हे याच पिढीतले स्टुडिओ वादक, बेस गिटार आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवणारे. १९८०च्या सुमारास रोलँड या जपानी कंपनीने टीबी-३०३ नावाची एक चपटी चंदेरी पेटी काढली. तिचा हेतू स्वच्छ होता. गिटारवाल्याला एकट्याने सराव करताना बेसवाल्याची गरज भासू नये. बेसवाल्याची जागा भरून काढायला केलेले ते यंत्र होते आणि ते त्या कामात सपशेल नापास झाले. आवाज बेससारखा येईना, काही वर्षांतच कंपनीने उत्पादन थांबवले. चरणजित सिंगांनी ती पेटी घेतली, जोडीला टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेतला, आणि १९८२ साली दहा रागांची एक तबकडी केली. डिस्कोच्या ठेक्यावर राग, आणि खाली ती नापास पेटी अखंड सरकत राहणारी. तबकडी खपली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या मुलांनी त्याच पेटीतून जो आवाज काढला त्यातून ॲसिड हाउस नावाचा प्रवाह निघाला आणि जगभर पसरला. सिंगांची तबकडी २०१०मध्ये पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक चकित झाले. मला त्यात चकित होण्यासारखे वाटत नाही. रागाखाली बेस कसा हलवायचा हा प्रश्न ज्याने वर्षानुवर्षे स्टुडिओत सोडवला, त्याच्या हाती बेसचे यंत्र आले, तेव्हा त्याने त्याला हेच विचारले. २०१५मध्ये ते गेले, आणि शेवटच्या चार-पाच वर्षांत का होईना, त्यांच्यासमोर त्यांच्या नावाने आलेले श्रोते बसले होते.

नव्वदच्या दशकात संगणकावर वाद्ये भरायला सुरुवात झाली आणि शंभर जणांचे ताफे विरले. तेव्हापासून एक गोष्ट उलटीपालटी झाली आहे. ज्या समाजाच्या रेडिओतून बेस बाहेर येत नव्हता त्याच समाजात आज बेसचा पूर आहे. हळदीच्या रात्री ठाकुर्ली-कांचनगावच्या मांडवात किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत जिला लोक डॉल्बी म्हणतात तिच्यासमोर उभे राहिले की बरगड्या हलतात, खिडक्यांच्या काचा वाजतात. हा सगळा तळाचा सूर आहे, पण त्यात कुणी चालत नाही. एकच धक्का, त्याच जागी, पुन्हा पुन्हा. वरच्या चालीचा अर्थ त्याने बदलत नाही, कारण तो वरचे काही ऐकतच नाही. म्हणून यंत्राने काम होते मग माणूस कशाला, या प्रश्नाला माझे उत्तर असे की यंत्राने आवाज होतो, काम होत नाही. आणि काम करणारी माणसे संपलेली नाहीत. लुई बँक्स यांच्याबरोबर वर्षानुवर्षे बेस सांभाळणारे कार्ल पीटर्स मुंबईचेच. मुंबईत १९९६ साली जन्मलेली मोहिनी डे बेसवादक वडिलांकडून, सुजॉय डे यांच्याकडून, लहानपणीच हे वाद्य शिकली, आणि तिला आज जगभरचे वादक आपल्या मंचावर बोलावतात. तिच्या नावाचा अल्बम २०२३मध्ये निघाला. अल्बमवर बेसवादकाचे एकटीचे नाव असणे ही गोष्ट वरच्या गोल लेबलापासून फार दूर आलेली आहे.

बेसवाल्याच्या नावासाठी एखादा माणूस काय करू शकतो हे ज्याने दाखवले त्याला मुंबईने जवळून पाहिले होते. १९५८ साली डेव्ह ब्रुबेकची चौकडी अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर मुंबईत आली, अब्दुल हलीम जाफर खाँच्या सतारीबरोबर ब्रुबेक बसला. त्या चौकडीत यूजीन राइट बेसवर होता आणि चौघांत तो एकटाच कृष्णवर्णीय. दोन वर्षांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या महाविद्यालयांनी ब्रुबेकला कळवले की राइटच्या जागी गोरा बेसवाला आणा. ब्रुबेकने पंचवीसपैकी तेवीस कार्यक्रम सोडले. बेसवाला बदलला तर कुणाच्या लक्षात येणार आहे, असा विचार आयोजकांनी केला होता. पियानोवाल्याच्या ते लक्षात येणार होते.

ठाण्याच्या गडकरी रंगायतनात, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात, डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरात जुन्या गाण्यांचे कार्यक्रम अजून भरगच्च होतात. निवेदक प्रत्येक गाण्याआधी दोन-तीन मिनिटे बोलतो. संगीतकाराला चाल कशी सुचली, गायिकेने किती टेक दिले, कवीने कडवे कुठे बसून लिहिले, सगळे सांगतो आणि श्रोते ते जिव्हाळ्याने ऐकतात. त्या दोन मिनिटांत एक वाक्य वाढवायला काहीच हरकत नाही. त्यासाठी आधी ते वाक्य कुणीतरी मिळवायला हवे, आणि ते मिळवण्याचे काम नरेश फर्नांडिस यांनी जॅझच्या इतिहासात आणि ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने स्टुडिओच्या वादकांबाबत इंग्रजीत पुष्कळ केले आहे. मराठीत ते करायला दिवस थोडे उरले आहेत, कारण साठ-सत्तरच्या दशकात बेस धरलेला हात आज ऐंशीच्या घरात आहे. अमेरिकन बेसवादक मिल्ट हिंटन पन्नास-साठ वर्षे कॅब कॅलोवेपासून पुढे सगळ्यांच्या मागे उभा राहिला. १९३५मध्ये कुणीतरी त्याला एक छोटा कॅमेरा दिला होता. तो त्याने जन्मभर जवळ ठेवला आणि साठ हजारांच्या आसपास छायाचित्रे मागे ठेवली. बसमध्ये झोपलेले वादक, काळ्यांसाठी वेगळ्या दाराची पाटी, स्टुडिओतला दोन टेकांमधला कंटाळा. मागे उभ्या असलेल्या माणसाला तिथून सगळा बँड दिसतो. मुंबईतल्या बेसवाल्यांनाही तो दिसत होता. त्यांच्यापैकी कुणाच्या कपाटात रेकॉर्डिंगच्या तारखांची वही असेल, कुणाकडे कोपऱ्यावर कॉर्ड लिहिलेला पिवळा पडलेला कागद असेल. वांद्रे, माहीम, वसई, कल्याण, मडगाव, कुठेतरी एका बंद खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेला, तारा सैल केलेला डबल बेस असेल, आणि त्याच्या मानेवर अंगठा जिथे टेकायचा तिथले पॉलिश झिजलेले असेल.